कोपऱ्याचा भूखंड की मधला?

लहान शहरात भूखंडांचे व्यवहार मोजकेच होत असल्यामुळे ‘चालू भाव’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो पुष्कळदा एखाददुसऱ्या सौद्यावरूनच ठरलेला असतो. आणि कोपऱ्याच्या भूखंडासाठी त्याहूनही चढा दर मागितला जातो. दोन बाजूंना रस्ता, मोकळा उजेड, वारा आणि पुढेमागे दुकानाचा गाळा काढण्याची सोय, ही त्यामागची कारणे काही खोटी नाहीत. मात्र बांधकामाचा हिशेब विक्रेता सहसा मांडून दाखवत नाही. समजा, भूखंड ४० बाय ६० फुटांचा आहे आणि नियमानुसार रस्त्याकडे १० फूट व अन्य बाजूंना ५ फूट जागा सोडावी लागते; तर मधल्या भूखंडावर ३० बाय ४५, म्हणजे १३५० चौरस फुटांचे जोते बसते, आणि कोपऱ्यावर दुसऱ्या रस्त्याकडेही १० फूट सोडावे लागल्याने तेच २५ बाय ४५, म्हणजे ११२५ चौरस फुटांवर येते. जास्त दर मोजून प्रत्येक मजल्याला २२५ चौरस फूट कमी, असा हा सौदा आहे. शिवाय रस्त्याकडच्या कुंपणभिंतीच्या खर्चात शेजाऱ्याचा वाटा नसतो, ते वेगळेच.

विकताना चित्र पालटते. कोपऱ्याच्या जागेला गिऱ्हाईक लवकर मिळते. मधल्या जागेच्या मालकाला थांबावे लागते, कारण तशाच आणखी चार जागा शेजारी विक्रीला असतात. तरीही केवळ राहण्यासाठी घर बांधायचे असेल, तर मी मधलाच भूखंड घेईन. फक्त समोरचा रस्ता थेट फाटकावर येऊन धडकणारा नसावा.