एमपीएलएसवरून एसडी-वॅन: नऊ महिने वापरल्यावर

मागच्या आठवड्यात कोल्हापूर शाखेतून पुन्हा तोच फोन आला, "बिलाची पीडीएफ अर्ध्यात अडकतेय." म्हणून हे लिहायला बसलो.

पुण्याचं ऑफिस, चाकणचं गोदाम आणि कोल्हापूर, तिन्ही ठिकाणी पाच वर्षं 4 एमबीपीएसचं एमपीएलएस होतं, म्हणजे शाखा जोडणारी टेलिकॉम कंपनीची भाड्याची खासगी लाइन. संथ, पण भरवशाचं. भाडं मात्र दर महिन्याला खुपायचं. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन ब्रॉडबँड आणि एसडी-वॅनचा बॉक्स घेतला; कुठला डेटा कुठल्या लाइनने पाठवायचा हे त्यातलं सॉफ्टवेअर ठरवतं.

पहिला महिना मी खूश होतो. जुना राउटर पोर्ट बंद पडल्याशिवाय दुसऱ्या लाइनवर जायचा नाही. हा बॉक्स पॅकेट लॉस (वाटेत हरवणारे डेटाचे तुकडे) आणि जिटर (ते पोहोचायच्या वेळेतला चढउतार) सतत मोजत असतो. चाकणची एक लाइन नुसती नावाला चालू होती, तरी फोनवरचं बोलणं तुटलं नाही. याचं मला मनापासून कौतुक आहे.

मग कोल्हापूरचं दुखणं सुरू झालं. पिंग (लाइन चालू आहे का बघायची छोटी चाचणी) जातो, लॉगिन होतं, पण मोठी फाइल पाठवली की सगळं ठप्प. सपोर्टचं एकच पालुपद: "पिंग येतोय ना सर, लाइन ओके आहे." तीन आठवड्यांत तीन तिकिटं, तिन्ही परस्पर बंद. शेवटी मीच डीएफ बिट (पॅकेटचे वाटेत तुकडे करू नका, ही खूण) लावून पिंग केला. 1,472 बाइटला उत्तर नाही. कमी करत करत 1,390 ला आलं. इथरनेटच्या 1,500 बाइटांतले 8 पीपीपीओई (ब्रॉडबँडची लॉगिन पद्धत) घेतं, त्यावर आयपीसेकचं, म्हणजे एन्क्रिप्शनचं, वेष्टन. पॅकेट मोठं होतंय हे सांगणारा आयसीएमपी निरोप वाटेतला फायरवॉल अडवत होता, त्यामुळे सर्व्हर तेवढीच पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) 1,350 केला आणि पाच मिनिटांत बिलं निघाली. तीन आठवडे वाया गेले ते या एका ओळीसाठी! आणि आता फर्मवेअर अपडेटमध्ये तीच ओळ पुसली गेली.

एमपीएलएस सगळीकडचं काढणार होतो, पण चाकणचं ठेवलं. त्याची 99.5 टक्के अपटाइमची हमी म्हणजे 30 दिवसांत 3 तास 36 मिनिटं बंद राहायची मुभाच, हे मला कळतं. एमपीएलएसवरचा डेटा आपोआप एन्क्रिप्ट होत नाही, हेही खरं. पण लाइन पडली की जबाबदार एकच कंपनी असते, आणि गोदामात माल भरलेला ट्रक उभा असताना मला तेवढंच हवं असतं.

एसडी-वॅनच्या लायसन्सचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. अपडेटनंतर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) आणि एमएसएस तपासून देण्याची अट करारात आल्याशिवाय मी सही करणार नाही.