जुनी हॉकी कार्डं आणि पीएसएची ग्रेड : पैसे नक्की कशाचे मोजायचे?

पीएसए ही कॅलिफोर्नियातली कंपनी खेळाडूंची कार्डं तपासून देते. कार्ड अस्सल आहे का, कुणी कडा छाटल्यात का, अवस्था कशी आहे हे बघून १ ते १० मधली ग्रेड ठरवते आणि कार्ड जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवते. या डबीला इथे सगळे स्लॅब म्हणतात. मी जमवते ती बर्फावरच्या हॉकीची कार्डं, तीही १९८० च्या आतली, आणि त्यातली बरीचशी पीएसएच्याच स्लॅबमध्ये आहेत. कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडची आपली मंडळी मुलांना रिंकवर सोडता सोडता या नादाला लागतात आणि मग फोन येतो, "ताई, लेबलवर ८ आहे, शिवाय विकणारा म्हणतोय फार दुर्मिळ आहे. घेऊ का?" हा अभिप्राय त्यांच्यासाठी लिहिते आहे. नवी चकचकीत कार्डं हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही.

माझी नजर छापखान्यातली आहे. पुण्यात बुधवार पेठेत बाबांचा ऑफसेट छापखाना होता आणि कॉलेज सुटलं की मी तिथेच असायचे. रजिस्टर हललेलं, कटिंग तिरपं गेलेलं, शाई मागच्या शीटला लागलेली, हे सगळं बघत मोठी झाले. त्यामुळे इथे आल्यावर ओ-पी-ची कंपनीचं पहिलं जुनं कार्ड हातात घेतलं तेव्हा हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या कार्डाचं छापखान्यात काय झालं असेल ते लगेच कळलं. ओ-पी-ची ही ओंटारिओतल्या लंडनची च्युइंगगमची कंपनी. टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या परवान्याने ती कॅनडासाठी कार्डं छापायची आणि गमच्या पाकिटात घालून विकायची. कार्डं कापायची ती तारेने, त्यामुळे कडा फाटल्यासारख्या, केसाळ. नवखा माणूस ती कड बघून कार्ड बाजूला ठेवतो. जाणता ती बघून खूश होतो, कारण त्या काळातल्या ओ-पी-चीची कड अशीच असायला हवी. अगदी गुळगुळीत, सुरीने कापल्यासारखी असली की मी भिंग काढते.

पीएसएच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग माझ्या मते ग्रेड नव्हे, अस्सलपणाची खात्री. वेन ग्रेट्स्की हा बर्फावरच्या हॉकीतला सगळ्यात नावाजलेला खेळाडू. त्याचं १९७९-८० चं १८ नंबरचं रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, किती काळापासून बनावट छापलं जातंय याला सुमार नाही. छापखान्यातल्या माणसाला ते ओळखायची एक खूण सांगते. मूळ छपाईत काळी अक्षरं भरीव असतात. त्या कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलं की भिंगाखाली तीच अक्षरं ठिपक्यांची झालेली दिसतात आणि कडेला फुटतात. पाठही वाचावी. ओ-पी-चीच्या पाठीवर मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत असतो, टॉप्सच्या पाठीवर फक्त इंग्रजी. हे घरबसल्या करता येतं, पण हजारभर डॉलर मोजायचे असतील तर तपासणाऱ्याची मोहोर हवीच. स्लॅबवरचा सर्टिफिकेट नंबर पीएसएच्या साइटवर टाकून बघा, कारण स्लॅबही बनावट निघतात. नव्या स्लॅबना तिथे बहुधा फोटो जोडलेला असतो. तो फोटो आणि हातातलं कार्ड ताडून बघायला मिनिट लागत नाही.

ही मोहोर दगडावरची रेघ नाही, हेही नोंदवून ठेवते. पीएसए सुरू झाली १९९१ मध्ये आणि तिने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड होतं बेसबॉलच्या होनस वॅग्नरचं, ग्रेड ८. त्याच वर्षी ते ४,५१,००० डॉलरला घेणारे दोघे होते ग्रेट्स्कीच्या तेव्हाच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल आणि, योगायोग बघा, स्वतः वेन ग्रेट्स्की. ते कार्ड आधी ज्याच्या हातातून गेलं होतं त्या बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने पुढे २०१३ मध्ये त्याच्या कडा आपण छाटल्याची कबुली दिली. तपासणारी माणसंच असतात. म्हणून कार्ड स्लॅबमध्ये असलं तरी मी कडा बघते.

आता दुर्मिळतेकडे येते. पीएसए आपल्या साइटवर पॉप्युलेशन रिपोर्ट फुकट बघायला देते. बाजारात त्याला पॉप रिपोर्ट म्हणतात. कुठल्या कार्डाच्या किती प्रती आल्या, त्यातल्या किती ७ च्या, किती ८ च्या, सगळं एका तक्त्यात. या कंपनीने संग्राहकांना दिलेली ही सगळ्यात चांगली वस्तू आहे, आणि बाजारात सगळ्यात वाईट वापर होतो तोही हिचाच. मिसिसागाच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये भरलेल्या कार्ड एक्स्पोत एका टेबलावर मला सत्तरच्या दशकातल्या एका साध्या, नाव न गाजलेल्या खेळाडूचं कार्ड दाखवलं गेलं. "लो पॉप आहे, फक्त चार!" मी फोनवर रिपोर्ट उघडला. आकडा बरोबर होता, अर्थ चुकीचा लावला होता. ते कार्ड ग्रेडिंगला पाठवायला जेवढा खर्च येतो तेवढी त्याची मूळ किंमतच नाही, मग पाठवणार कोण? बाकीच्या प्रती ओंटारिओ-क्विबेकमधल्या कुणाकुणाच्या तळघरात खोक्यांत पडून असतात. पॉप रिपोर्ट छापलेली कार्डं मोजत नाही, उरलेलीही मोजत नाही, फक्त पाठवलेली मोजतो.

उलटंही होतं. भारी कार्डावर ७ आली की मालक स्लॅब फोडतो आणि ८ च्या आशेने पुन्हा पाठवतो. जुनं लेबल परत केलं नाही तर रिपोर्टमध्ये एका कार्डाची दोन कार्डं होतात. म्हणजे साध्या कार्डाचा आकडा खऱ्यापेक्षा फार कमी दिसतो आणि नामवंताचा थोडा फुगलेला. ही गोष्ट डोक्यात ठेवून रिपोर्ट वाचला तर तो फार कामाचा आहे.

१९७९-८० चाच ओ-पी-ची संच घ्या, ३९६ कार्डांचा. त्यात १८ नंबरला ग्रेट्स्की पहिल्यांदा येतो आणि १७५ नंबरला हार्टफर्ड संघाच्या वेषातला गॉर्डी हाऊ शेवटचा. एकाची सुरुवात, दुसऱ्याची अखेर, एकाच निळ्या चौकटीत. हे माझं फार आवडतं जोडपं आहे. आता विचार करा. ही कार्डं एकाच कारखान्यात, एकाच मोसमात, त्याच गमच्या पाकिटांसाठी छापली. ग्रेट्स्की कमी छापला असं काही नाही. तो स्लॅबमध्येही हजारोंनी आहे. तरी त्याच्या बरी अवस्था असलेल्या एका प्रतीच्या पैशांत त्याच संचातली इतर कार्डं ढिगाने येतील. हा फरक सगळाच्या सगळा मागणीचा आहे. कॅनडातल्या ज्या मुलांनी त्याला खेळताना पाहिलं ती आज पन्नाशी-साठीची आहेत आणि त्यांच्या हातात पैसा आहे. ओवेचकिन या खेळाडूने २०२५ मध्ये त्याच्या ८९४ गोलांचा विक्रम मागे टाकला, म्हणून या कार्डाशी जडलेलं त्यांचं बालपण काही बदललं नाही.

ग्रेट्स्कीच्या कार्डात दुर्मिळता शिरते ती ग्रेडमधून. निळी चौकट असल्याने कोपरा जरा घासला की पांढरा डोळा उघडतो. तारेची कड, हललेलं सेंटरिंग (म्हणजे चित्र मधोमध नसणं), गमचा डाग, छपाईचे ठिपके, या सगळ्यांतून निभावून पीएसएच्या १० पर्यंत पोचलेल्या ओ-पी-ची प्रती फक्त दोनच माहीत आहेत. त्यातली एक २०१६ मध्ये ४,६५,००० डॉलरला गेली, डिसेंबर २०२० मध्ये हेरिटेजच्या लिलावात १२.९ लाखांना आणि २०२१ च्या मे महिन्यात खासगी व्यवहारात ३७.५ लाख डॉलरला. पाच वर्षांत कार्ड तेच राहिलं, प्रती तेवढ्याच राहिल्या. वाढले ते मागणारे.

याच्या शेजारी बर्ट कॉर्बो या जुन्या हॉकीपटूचं कार्ड ठेवा. १९२३-२४ मध्ये विल्यम पॅटरसन कंपनीने ४० कार्डांचा संच काढला आणि पूर्ण संच जमवणाऱ्याला बक्षीस ठेवलं. बक्षिसं फार वाटावी लागू नयेत म्हणून २५ नंबरचा कॉर्बो जेमतेम छापला. आज माहीत असलेल्या त्याच्या प्रती अगदी मोजक्या आहेत. दुर्मिळतेत ग्रेट्स्की त्याच्या जवळपासही जात नाही. किंमतही मोठी येते, पण ग्रेट्स्कीच्या त्या १० ची उंची त्याच्या वाट्याला कधी आली नाही. कारण त्याला शोधणारे म्हणजे तो जुना संच पुरा करू पाहणारे आणि थोडे दर्दी लोक. खरी दुर्मिळता मला इथे दिसते आणि तिचं मला फार अप्रूप आहे. शंभर वर्षांपूर्वी छापणाऱ्याने मुद्दाम हात आखडता घेतला, त्याचा हिशेब आजही चालू आहे.

मागणी कधीकधी दोनच माणसांची असते. पीएसएच्या साइटवर सेट रजिस्ट्री आहे. तिथे लोक आपापला ग्रेडेड संच नोंदवतात आणि सरासरी ग्रेडवर क्रम लागतो. वरच्या दोघांना एकाच साध्या कार्डाची ९ हवी असली की लिलावात ते कार्ड आभाळाला भिडतं. एकाने मिळवली की पुढच्या प्रतीला दुसरा एकटाच गिऱ्हाईक उरतो. असा एखादा लिलावाचा भाव दाखवून कुणी तुम्हाला तेच कार्ड विकत असेल तर त्या खेळाडूची इतर कार्डं कितीला जातात ते बघा.

आता एक उदाहरण जवळून. त्याच एक्स्पोत एका टेबलावर ग्रेट्स्कीचे दोन स्लॅब शेजारी होते, दोन्ही ६, किंमतही जवळपास एकच. डावीकडच्याचे चारही कोपरे टोकदार, पण चित्र इतकं डावीकडे सरकलेलं की एका बाजूची निळी पट्टी दोऱ्याएवढी उरली होती. उजवीकडच्याचा खालचा एक कोपरा बोथट, पाठीवर गमचा फिकट डाग, पण चित्र बरोबर मधोमध. पीएसएच्या नियमात ६ ला पुढच्या बाजूचं सेंटरिंग, म्हणजे समोरासमोरच्या पट्ट्यांच्या रुंदीचं प्रमाण, ८०-२० पर्यंत चालतं, ८ ला ६५-३५ लागतं. म्हणजे नियमाने दोघांचीही ग्रेड योग्यच. पण लग्नपत्रिकेचं कटिंग असं डावीकडे गेलं असतं तर बाबांनी सगळा गठ्ठा पुन्हा छापला असता. मी क्षणाचाही विचार न करता उजवीकडचा घेतला. हाताने हाताळल्याच्या खुणा मला खुपत नाहीत, कुणीतरी मूल त्या कार्डाशी खेळलं आहे. छापखान्यातूनच वाकडं निघालेलं मात्र रोज डोळ्यांत सलतं. ग्रेडचा आकडा एकच असतो, त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटा अनेक, आणि लेबल ती वाट सांगत नाही. माझी पीएसएबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. बेकेट ही दुसरी कंपनी सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग असे चार पोटगुण लेबलवर देते. जुन्या हॉकी कार्डांना विकताना जास्त भाव पीएसएच्या लेबलला येतो, पण वाचायला मला ते चार आकडे आवडतात.

काही कार्डं संचातल्या त्यांच्या जागेमुळे चांगल्या अवस्थेत मिळायला अवघड झालेली आहेत. १९५८-५९ च्या टॉप्स संचात ६६ कार्डं आणि बॉबी हलचं रूकी कार्ड ६६ वं, म्हणजे शेवटचं. मुलं गठ्ठ्याला रबर लावायची, ते रुतायचं पहिल्या आणि शेवटच्या कार्डात. मधोमध छापलेला, कडा शाबूत असलेला हल दिसला तर ग्रेड ४ असली तरी थांबून बघा. चेकलिस्टची, म्हणजे संचातल्या कार्डांची यादी छापलेली, कार्डंही मिळायला तशीच अवघड. नावापुढच्या चौकोनात मुलांनी पेनने खुणा केल्या, त्यामुळे कोरी चेकलिस्ट मिळणं मुश्कील. ती मागणारे थोडे, म्हणून अजून स्वस्त आहे.

स्वतःचं कार्ड पाठवायचं असेल तर पैशांचं गणित आधी करा. फी कार्डाच्या किमतीच्या टप्प्यांवर ठरते आणि ग्रेड आल्यावर किंमत वरच्या टप्प्यात गेली तर फरक भरावा लागतो. त्यात सीमेपलीकडची टपाल आणि विमा धरा. वेळेचा भरवसा ठेवू नका, २०२१ मध्ये तर एवढी कार्डं साचली की कंपनीने बहुतेक सेवा काही महिने बंदच ठेवल्या होत्या. भिंगाखाली कोपरे बघून स्वतःला ५ च्या वर खात्री नसेल आणि खेळाडू ऑर, हाऊ, ग्रेट्स्की यांच्या पंक्तीतला नसेल, तर साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. १९६४-६५ ची टॉप्सची उंच कार्डं, ज्यांना टॉल बॉय म्हणतात, ती मी अशीच ठेवली आहेत. त्या ११० च्या संचातली ५६ पासून पुढची मालिका कमी मिळते. माझ्याकडे तिच्यातली अजून बरीच कमी आहेत, आणि मोन्ट्रियलकडच्या कुणाकडे मधोमध छापलेली, डागाळलेली का होईना, अशी असतील तर स्लॅब नसला तरी मी घेईन.