सिंगापूर-टोकियो: अंतर दाखवणाऱ्या साइटचा माझा अनुभव, ५ पैकी ३ स्टार

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारी एक साइट आहे, गेले दोन-तीन महिने वापरतेय. नाव लिहीत नाही, कारण अशा बऱ्याच साइट्स आहेत आणि गणित बहुतेकींचं सारखंच असावं.

आधी चांगलं सांगते. अंतर एकदम बरोबर येतं. सिंगापूर ते टोकियो साधारण ५,३०० किमी, नॉटिकल मैलात २,८६० च्या आसपास. नकाशावर रेष पण काढून देते, दक्षिण चीन समुद्रावरून, फिलिपाइन्सच्या लुझोन बेटाच्या वरच्या टोकाजवळून पुढे जपानकडे, ते बघायला मला फार आवडलं. जाहिराती कमी, मोबाइलवर पटकन उघडते.

पण वेळ! साइट म्हणते ६ तास १४ मिनिटं. मी त्यावर विश्वास ठेवला, सकाळी १० ला निघालं की सव्वाचारला टोकियो असा हिशोब केला आणि टोकियोहून पुढे उत्तर जपानमधल्या साप्पोरोचं संध्याकाळी साडेसहाच्या विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून आधीच काढून टाकलं. मग सिंगापूर-टोकियोचं तिकीट काढायला बसले तर पोचायची वेळ संध्याकाळी ६! कारण प्रवास ७ तासांचा, आणि टोकियोचं घड्याळ सिंगापूरच्या १ तास पुढे. अर्ध्या तासात इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स आणि पुढचं चेक-इन कसं होणार, साप्पोरोचं तिकीट बदलावं लागलं, वरचे पैसे गेले ते गेलेच.

नंतर कॅल्क्युलेटर घेऊन बघितलं, ५,३०० किमी भागिले विमानाचा ताशी ८५० किमी वेग, बरोब्बर ६ तास १४ मिनिटं. म्हणजे साइट नुसता भागाकार करते. एअरलाइन जो वेळ देते तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, उतरल्यावर परत गेटपर्यंत येणं सगळं धरलेलं असतं, शिवाय विमान त्या सरळ रेषेवरून जातंच असं नाही.

आणि वाऱ्याचं तर नावच नाही. जाताना आणि येताना साइट एकच वेळ दाखवते. जपानच्या वर हिवाळ्यात पश्चिमेकडून वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जगातल्या सगळ्यात जोरदार वाऱ्यांपैकी आहे, कधीकधी ताशी ३०० किमीच्याही वर जातो. ओइशी वासाबुरो या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वरचे वारे मोजले होते, एवढी जुनी माहिती आहे ही! जाताना तो वारा मदत करतो, येताना समोरून लागतो. आम्ही जानेवारीत परत आलो तेव्हा साडेसात तास लागले.

अजून एक, साइट नुसतं 'टोकियो' म्हणते. तिथल्या दोन एअरपोर्टपैकी हानेडा शहराला अगदी लागून आहे आणि नारिता मध्य टोकियोपासून साधारण ६० किमी लांब, आकाशातल्या अंतरात याने फारसा फरक पडत नाही पण जमिनीवर तास-दीड तास सहज जातो. एअरपोर्ट निवडायचा ऑप्शन द्यायलाच हवा.

अंतरासाठी बिनधास्त वापरा. वेळ मात्र एअरलाइनच्या टाइमटेबलवरूनच घ्या, जायचा वेगळा, यायचा वेगळा, आणि त्यातली पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते हे लक्षात ठेवूनच पुढचं तिकीट काढा. साइटवाल्यांनी निदान टाइम झोनची एक ओळ टाकली तर मी लगेच ४ स्टार करेन.