सोलापूर रस्त्यावरचे फुलांचे कॅक्टस: रोप घ्या, माती बदला

पुण्यात हडपसर सोडून उरुळी कांचनकडे निघालं की रस्त्याच्या कडेला नर्सऱ्या लागतात. तिथला तीन इंची कुंडीतला कॅक्टस खुशाल घ्यावा. रोपं बहुतेक ठिकाणी घट्ट, टवटवीत असतात. खोट असते ती दोन गोष्टींत: नावाच्या जागी 'मिक्स कॅक्टस' आणि मातीच्या जागी निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा.

नाव कळीवरून लागतं. कळीवर केस-काटे नसून नुसते गुळगुळीत खवले असतील, तर ते जिम्नोकॅलिशियम. माथ्याभोवती बारीक फुलांनी कडं धरलं असेल, तर मॅमिलेरिया. तिची फुलं काट्यांच्या बुडाशी असलेल्या लोकरीसारख्या गादीतून न येता उंचवट्यांमधल्या बेचक्यातून येतात. वीतभर केसाळ नळीच्या टोकाला संध्याकाळी उमलणारं पांढरं फूल बहुधा एकिनॉप्सिसचं. कळ्या नसतील तर काट्याचं बूड पाहा. लोकरीसारखी गादी नाही आणि टोचल्यावर पांढरा चीक येतो, तर तो कॅक्टसच नव्हे, युफोर्बिया. हा चीक डोळ्यांना लागू देऊ नका.

फूल कागदासारखं कुरकुरीत लागलं, तर खाली गोंदाचा थेंब शोधा. वाळवून रंगवलेली फुलं नेमकी माथ्यावर, जिथून नवी वाढ होते तिथे, चिकटवलेली असतात. ओढून काढली की साल सोलून निघते. असं रोप घेऊच नका.

घरी आणल्यावर आधी पाणी नाही, आधी कुंडी रिकामी करा. मुळांच्या मधोमध कोकोपीटचा घट्ट गोळा राहतो. पावसाळ्यात तोच ओला राहून बुंधा कुजवतो. टूथपिकने तो पूर्ण सोडवा. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. मुळं धुऊन काढा. रोप आठवडाभर सावलीत उघडं सुकू द्या. मग नव्या मातीत लावा: तीन ते पाच मिलिमीटरची जाड वाळू किंवा विटांचा चुरा दोन भाग, चाळलेलं पानखत एक भाग. वाळूतला बारीक गाळ धुऊन टाका, नाहीतर तोच निचरा बंद करतो. पहिलं पाणी लावणीनंतर आठवड्याने.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी जवळजवळ बंद. पुण्याची थंड रात्र आणि कोरडी माती, या दोन्हींवर मार्चच्या कळ्या ठरतात. जानेवारीत लाडाने पाणी घातलं तर रोप नुसतं उंच वाढतं. जूनपासून पारदर्शक छताखाली ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत हिरवी शेडनेट लावा. उन्हाने पडलेला तपकिरी डाग पुन्हा भरून येत नाही.