आधी 'रेड ऑक्टोबर' वाचा, मग 'खुकरी'

नागपूरच्या बर्डीच्या फुटपाथवरून दोन जुनी पुस्तकं आणली, टॉम क्लॅन्सीचं 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' अन् मेजर जनरल इयान कार्डोझोंचं 'द सिंकिंग ऑफ आयएनएस खुकरी', आणि पंधरा दिवस ऑफिसातून आलो की हेच वाचून राहिलो होतो.

रेड ऑक्टोबर १९८४ चं. जवळपास आवाजच न करणारी रशियन पाणबुडी घेऊन तिचा कॅप्टन रामियस अमेरिकेकडे निघतो अन् अख्खं सोव्हिएत आरमार त्याच्या मागे. पकड जबरदस्त आहे! सगळ्यात भारी तो अमेरिकन पाणबुडीवरचा सोनारवाला (सोनार म्हणजे पाण्याखालचे आवाज पकडणारं यंत्र) जोन्स, हेडफोन लावून समुद्राच्या गोंगाटातून तो एक आवाज वेगळा काढतो. पाण्याखाली दिसत काहीच नाही, सगळा खेळ कानांचा, हे इथे पक्कं डोक्यात बसतं. मशिनरीची माहिती मात्र पानंच्या पानं येते, अन् हे दोघं सोडले तर माणसं फार लक्षात राहत नाहीत.

मग खुकरी उघडलं. ९ डिसेंबर १९७१ ची रात्र, दीवजवळचा समुद्र. पाकिस्तानची हंगोर पाणबुडी आपल्या खुकरी अन् किरपाण या युद्धनौकांच्या मागावर होती, तिचा सोनार आपल्यापेक्षा लांबचं पकडायचा, त्यात खुकरीवर सोनारच्याच एका नव्या उपकरणाची चाचणी चालू म्हणून स्पीड कमी ठेवलेला. हे वाचताना जोन्सचे हेडफोन आठवले अन् पोटात गोळाच आला. टॉर्पेडो (पाण्याखालून येणारा स्फोटक बाण) लागला, काही मिनिटांत जहाज गेलं, १८ अधिकारी अन् १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलंच नाही.

कार्डोझो नेव्हीचे नाहीत, आर्मीतल्या गोरखा रायफल्सचे, अन् त्याच युद्धात सुरुंगानं चिंधड्या झालेला पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीनं, म्हणजे गोरख्यांच्या वाकड्या सुऱ्यानं, स्वतः कापला होता. वाचलेल्या लोकांच्या आठवणी असल्यामुळे तीच रात्र पुन्हा पुन्हा येते, कोणाला ते लांबण वाटेल, मला नाही वाटलं. मुल्लांपाशी तर मी दोन दिवस थांबलो. थ्रिलरला चार स्टार, खुकरीला पाच.

बाबा इंग्रजी वाचत नाहीत म्हणून रात्री जेवणं झाली की त्यांना खुकरी थोडं थोडं मराठीतून सांगून राहिलो आहे. काल मुल्लांच्या पानावर आलो, तर ते काही न बोलता उठून गॅलरीत गेले, अन् परत आल्यावर म्हणाले, तेवढं पुन्हा वाच.