सावधान! बुलेटचे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चाक बदलताना २१,००० रुपयांना फसलो

लिहायला लाज वाटते. पण मी गप्प बसलो तर तो माणूस पुढच्या गिऱ्हाईकाला हेच करणार.

माझी बुलेट आठ वर्षांची. हौस म्हणून खर्च केला असं कुणी समजू नये. बायकोला मणक्याचा त्रास आहे आणि तिचं माहेर महाडकडे. वरंधा घाटातून जाताना मागच्या सीटवर तिला प्रत्येक खड्डा लागायचा. म्हणून मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर चांगले बसवू, असं डिसेंबरात ठरवलं. नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा पार्ट हवा तर माणूस तिकडेच जातो, आणि आजवर त्या मार्केटमध्ये मला कधी वाईट अनुभव नव्हता. या वेळी मात्र नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात शिरलो.

दुकानदार गोड बोलणारा. "काका, वहिनींच्या कमरेचा प्रश्न आहे ना, मग गॅसवालेच घ्या," म्हणाला. इम्पोर्टेड, कॅनिस्टरवाले (बाजूला गॅस-ऑइलची छोटी डबी असलेले), जोडी १६,५००. मग गाडीखाली वाकला आणि म्हणाला, मागच्या अलॉय चाकाला बेंड आहे, या चाकावर नवे शॉक टिकणार नाहीत. नवं चाक ७,८००, मजुरी १,२००. जुने शॉक आणि जुनं चाक ठेवून घेऊन ४,५०० कमी करतो. म्हणजे २१,०००. दुकानाचा स्कॅनर बिघडलाय म्हणून ८,००० अ‍ॅडव्हान्स "भाच्याच्या" नंबरवर पाठवायला लावले. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण मला ज्या क्षणाचा त्रास होतो तो वेगळाच. त्याने बॉक्स उघडून एक शॉक माझ्या हातात दिला. खाली रिबाउंडचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने वर यावी ते ठरवणारा, नॉब असतो. चांगल्या शॉकला तो फिरवला की बोटाला टिक, टिक लागते, कारण आत खाचा असतात. हा नुसताच फिरत राहिला. उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला, कुठेही थांबेना. वर कॅनिस्टरच्या मानेपाशी बघितलं तर तो शॉकच्या अंगावर नुसता क्लॅम्पने धरलेला. आतून ऑइल जायला वाटच दिसेना. मी भोसरीत २२ वर्षं क्वालिटीला काम केलंय. असा पार्ट माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल टॅग लावून परत पाठवला असता. मी विचारलंसुद्धा, "नॉबला क्लिक का नाही?" तो म्हणाला, "नवीन आहे काका, गाडीवर लोड आला की बसतो." तेवढ्यात पोऱ्याने चहा आणून समोर ठेवला. आणि मी गप्प बसलो. अ‍ॅडव्हान्स गेलेला, जुने शॉक सोडून खाली ठेवलेले, समोर चहा. भीड भिकेची बहीण, असं आई म्हणायची ते उगाच नाही. उरलेले १३,००० त्याच नंबरवर पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, "कॉम्प्युटरवाला उद्या येतो, व्हॉट्सअ‍ॅप करतो."

जानेवारीत महाडला निघालो. भोर सोडलं, नीरा देवघरच्या पाण्याकडेचा रस्ता लागला, आणि गाडी मागून चेंडूसारखी उडायला लागली. स्प्रिंग दबून वर येते तेव्हा तिला आवरायचं काम आतलं ऑइल करतं. इथे आवरायला काही उरलंच नव्हतं. एका खड्ड्यात असा दणका बसला की ही मागून ओरडली. उतरून पाहतो तर डाव्या शॉकचं ऑइल गळून स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) आणि तिथून टायरच्या कडेवर आलेलं. पुढे घाटाची वळणं होती. काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

मागे फिरलो. चाकातली हवाही कमी झाली होती. भोरमधल्या पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे टायरमधून नव्हे, रिममधून आले. त्याने नखाने रंग खरवडला. पावडर कोटिंगचा पापुद्रा निघाला आणि खाली वेल्डिंगची रेघ दिसली. तडा गेलेलं जुनं चाक जोडून, रंगवून मला नवं म्हणून विकलं होतं. त्या पोराला दोन मिनिटांत दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

दुकानात गेलो तर "आम्ही विकलेलंच नाही, बिल दाखवा."

चौकीत गेलो. दोन तास बाकावर बसवलं आणि म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, साहेब, जुना माल नवा म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? "तुम्ही वकील आहात का?" हे उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा गेलो तर आधीचे साहेब रजेवर, अर्ज सापडत नाही. पैसे ऑनलाइन गेलेत म्हणून सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, यात सायबर काय? बँकेचंही तेच म्हणणं. तिसऱ्यांदा एका हवालदाराने हळूच सांगितलं, "काका, एवढ्याशा रकमेसाठी कशाला फिरता?" एवढीशी? माझा जवळजवळ महिन्याचा घरखर्च आहे तो. चार खेपा झाल्या, पोच मिळाली ती फक्त एका अर्जाची, तीही भांडून.

आता मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. माल आणि सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, घटनेपासून २ वर्षांच्या आत करता येते. २०१९ च्या कायद्यात बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे "बिल दाखवा" म्हणणाऱ्याला घाबरू नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, चॅट, गाडीचे फोटो, पंक्चरवाल्याने काढलेला व्हिडिओ, सगळं जपून ठेवलंय. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथेही नोंद करून ठेवा.

पैसे दुकानाच्या नावाच्याच खात्यात जायला हवेत. भाचा, मेव्हणा, कामगार, कुणाच्याही नंबरवर एक रुपया पाठवू नका. पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा, मी वाचलं नव्हतं. जुना पार्ट एक्स्चेंजमध्ये देऊ नका, घरी आणून माळ्यावर टाका; माझ्याकडे जुने शॉक असते तर त्याच दिवशी परत बसवले असते. त्याऐवजी दुसरीकडून कंपनीचे शॉक ७,२००, चाक ९,३०० आणि मजुरी ९०० असे आणखी १७,४०० गेले. एकूण ३८,४००. नवं चाक घेताना व्हॉल्व्हच्या भोकाच्या कडेवर आतून बोट फिरवा, जुनं रंगवलेलं असेल तर रंगाचे थर हाताला लागतात. शॉक बसवल्यावर सीट जोराने दाबून सोडा. वर येऊन लगेच स्थिर झाली पाहिजे, हलत राहिली तर पैसे देऊ नका. आणि नॉबला क्लिक नसेल तर चहा तसाच ठेवून उठा.

माझ्या जुन्या चाकाला, व्हॉल्व्हपासून चार बोटांवर, आतल्या बाजूने मुलीने लहानपणी लावलेला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. बेंड वगैरे काही नव्हता त्याला. कुणाला सेकंड-हँड घेताना दिसलं तर मला नक्की कळवा.