रविवारची मराठी उपासना: गायन उत्तम, शांतता तोकडी

मध्य मुंबईतल्या या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) उपासना नुसती ऐकायला नाही, करायला जावं. पेटी, तबला, झांजा आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं (त्यांचा बाप्तिस्माही मुंबईतलाच, १८९५ सालचा). पेटीवाले काळी एक या खालच्या पट्टीवर सूर धरतात, म्हणून मागच्या बाकावरच्या आजींचाही आवाज लागतो. हेच काळी चार या उंच पट्टीला नेलं की वरच्या चरणाला मंडळी गप्प होते, माइकवाले दोघेच गात राहतात. मग ती उपासना उरत नाही, कार्यक्रम होतो.

खटकते ती पापकबुली. “शांतपणे स्वतःला तपासू या” म्हटल्यावर १० सेकंदांत पेटी सुरू! तेवढ्यात सोमवारी कुणाला काय बोललो हेसुद्धा आठवत नाही. पूर्ण एक मिनिट द्या, पेटीचा भाता मिटलेला ठेवून.

बायबलमधल्या मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी भावाशी समेट, मग अर्पण. इथे अर्पणाची थैली आधी फिरते, शांतीचं हस्तांदोलन नंतर. हा क्रम बदलायलाच हवा. प्रभुभोजनाची (भाकर-द्राक्षारसाच्या विधीची) सूचना मात्र आदल्या रविवारी देतात, हे फार मोलाचं: ज्याच्याशी अबोला आहे त्याचं दार ठोठवायला मधले ६ दिवस मिळतात.